पाकिटावरचं हसू

इंदूबाईचा फोटो काढला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून ममता मायसोबत वावरात होती. इंदूबाईची नववीतली पोरगी. कंबरेला ओटी बांधून ती मायच्या शेजारचं तास, म्हणजे कपाशीची ओळ, वेचत होती आणि म्हणून तिनं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

कळंबजवळच्या उमरझरीतलं ते पाटलांचं वावर. कापूस फुटून पांढराशुभ्र झालेला. धुऱ्याशी, वावराच्या बांधापाशी, जीप थांबली आणि तिच्यातून पांढऱ्या शर्टातले सदाशिवराव उतरले. कळंबातलं सगळ्यात मोठं कृषी केंद्र त्यांचं. सोबत गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस होता. दोघांनी वेचणाऱ्या बायांवरून नजर फिरवली, आपसांत काही बोलले आणि इंदूबाईला हाक मारली.

इंदूबाईच का, हे गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. ती हसली की तिचा सगळा चेहरा हसायचा. समोरच्या दोन दातांमध्ये फट होती, तीसुद्धा त्या हसण्यात शोभून दिसायची. तुरीच्या ओळीआड नेऊन तिला तिच्याच लुगड्यावरून एक हिरवी, रुंद काठाची साडी नेसायला लावली, कपाळावर टिकली चिकटवली, ओंजळीत कापूस दिला.

"मावशी, जरा हसा," सदाशिवराव म्हणाले.

बाया मागून चिडवत होत्या, म्हणून इंदूबाई खरंच हसली. कॅमेरा कचकचला. मग त्या माणसानं साडी परत मागितली. उघड्या वावरात, सगळ्यांसमोर इंदूबाईनं ती सोडली. त्यानं तिला चिकटलेला काडीकचरा झटकला, घडी घातली आणि जीपमध्ये ठेवली. टिकली मात्र तिच्या कपाळावरच राहिली. ती तिनं संध्याकाळी घरी आल्यावर काढली. तिचा नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

पेरणीच्या आधी कळंबच्या बसस्टँडवर भलंमोठं फ्लेक्स लागलं. हिरव्या साडीतली इंदूबाई आभाळाएवढी हसत होती आणि खाली लिहिलं होतं : 'पाच एकरांत विक्रमी उत्पन्न! माझा विश्वास शुभ्रांगीवर. सौ. इंदूबाई, प्रगतिशील शेतकरी.' इंदूबाईच्या नावावर हातभर जमीन नव्हती. विधवा बाईला सौ. केलं होतं. बियाण्याच्या पाकिटावरही तोच फोटो होता. आधी गावानं गंमत केली. "प्रगतिशील बाई, चहा पाजा ना वं," म्हणून आयाबाया हसल्या. आणि मग, ओळखीचं तोंड पाहून, अर्ध्या गावानं शुभ्रांगी बियाणं पेरलं.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाएवढी वाढली. बोंडं मात्र धरली नाहीत.

सदाशिवराव म्हणाले, बियाणं कंपनीचं, आपण फक्त विकणारे. कंपनी कुठं होती ते कुणाला ठाऊक नव्हतं. राहिली इंदूबाई. ती रोज समोर दिसायची. तिनं फोटोचे किती पैसे घेतले असतील याचे अंदाज पारावर रंगू लागले. पुढच्या हंगामात उमरझरीत तिला कुणी वेचणीला बोलावलं नाही. ती पहाटे उठून पलीकडच्या गावात नाहीतर तांड्यावर पायी जायची. एकदा बोअरवेलवर कशावरून तरी तिला हसू आलं, तर मागची बाई म्हणाली, "हसू नको वं बाई. तुह्या हसण्यानं आमचं वावर गेलं."

तेव्हापासून इंदूबाई हसू आलं की तोंडावर पदर धरायची. पुढे पदर धरायचं कामच उरलं नाही.

ती बाई बोअरवेलवर ते बोलली तेव्हा ममता घागर घेऊन मायच्या शेजारी उभी होती. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं : या माणसाचं तोंड मी असंच चौकात टांगीन, आणि लोक त्याच्या तोंडाकडं पाहून थुंकतील. पोरीचा शब्द तो. पण तिनं तो वर्षानुवर्षं जपला, जसा एखादा विस्तव राखेखाली जपून ठेवतात.

चित्रकला तिला चांगली होती. बारावीनंतर ती यवतमाळला उपयोजित कलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम शिकायला गेली, मुलींच्या वसतिगृहात राहिली. बाकीच्या पोरी पुण्यामुंबईच्या जाहिरात कंपन्यांची स्वप्नं बघायच्या. हिला विचारलं तर ती नुसती "बघू" म्हणायची. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अनघा मॅडमनी प्रकल्प दिला. आपल्या भागातली एखादी वस्तू घ्या आणि तिचं वेष्टन नव्यानं करा. कुणी तूरडाळ घेतली, कुणी मोहाचं लोणचं. ममतानं कपाशीच्या बियाण्याचं पाकीट घेतलं.

ती रविवारी गावोगाव हिंडायची आणि धुऱ्यावर, नाल्यात पडलेली रिकामी पाकिटं गोळा करायची. वसतिगृहाच्या नळाखाली धुवायची, कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावून वाळवायची आणि खोलीच्या भिंतीवर चिकटवायची. भिंत भरून गेली. सगळ्या पाकिटांवर आभाळ तेच, धुतल्यासारखं निळं. बोंडं अशी पांढरी की असा पांढरा रंग वावरात कधी दिसतच नाही. आणि जवळजवळ प्रत्येकावर एक हसणारा माणूस. ममता त्या माणसांकडे पाहत बसायची. यांना कुणी विचारलं असेल का? यांच्याही अंगावरचे कपडे परत मागितले असतील का?

मग तिनं चित्रं काढायला घेतली. कवट्या काढल्या. बोंडाच्या जागी आवळलेली मूठ काढली. लाल आणि काळ्या रंगाच्या बाटल्या संपवल्या. अनघा मॅडमनी ती सगळी कामं टेबलावर पसरून शांतपणे पाहिली.

"राग दिसतोय," त्या म्हणाल्या.

"दिसायलाच पाहिजे ना मॅडम?"

"राग दिसला की माणूस लांबूनच वाट बदलतो, ममता. हे सगळं ओरडतंय. ओरडणाऱ्याजवळ कोण थांबतं? तू बाहेर जा. चित्रांची पुस्तकं नको बघू. लोक कशापाशी थांबतात ते बघ."

ती गेली. वणीला गेली, तिथं कोळशाच्या धुळीत माखलेल्या ट्रकांच्या मागची अक्षरं वहीत उतरवली. कळंबला चिंतामणीच्या देवळाबाहेरच्या दुकानांतल्या तसबिरी पाहिल्या. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीवर पडणारी सावली रंगवून पाहिली. सगळं सुंदर होतं आणि तिच्या कामाचं काहीच नव्हतं.

तिला हवं ते सापडलं यवतमाळच्या दत्त चौकात. तिथं कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लागलं होतं आणि त्याच्या शेजारी कुणाच्या तरी श्रद्धांजलीचं. रसवंतीच्या बाकड्यावर बसून ती नुसती लोकांचे डोळे पाहत राहिली. दुपार गेली, ऊन कललं. फ्लेक्सवरचे रंग, फुलं, तारे, वाघ यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. येणारा जाणारा आधी चेहऱ्याकडे पाहायचा, मग नावाकडे, आणि पुढे जायचा. मेलेल्या माणसाकडेही तसंच आणि जिवंत माणसाकडेही तसंच. तोंड आणि नाव, एवढंच घेऊन लोक घरी जात होते.

ममतानं उसाचा रस तसाच ठेवला. तिच्या लक्षात आलं की कवटीची गरजच नाही. मायचा घात ज्यानं केला ते हसूच होतं. त्याच्या खाली नाव होतं.

खोलीवर येऊन तिनं भिंतीवरची सगळी पाकिटं काढली. एकच कोरा कागद लावला. आता त्यावर तोंड कुणाचं हवं ते तिला ठाऊक होतं. फक्त ते तोंड तिथं येणार कसं, हे तिला कळत नव्हतं.

ते आपल्या पायानं चालत आलं. वर्गात श्रेयस नावाचा मुलगा होता, सदाशिवरावांचा मुलगा. अक्षरलेखन फार सुरेख करायचा आणि कुणाशी मोठ्यानं बोलायचा नाही. ममता तीन वर्षं त्याच्यापासून दोन बाकं लांब बसत आली होती. तो संकोचत तिच्या टेबलाशी आला.

"बाबा या वर्षी स्वतःचं बियाणं बाजारात आणताहेत. पाकीट करायचंय. मी म्हटलं, वर्गात तुझ्यासारखं कुणी करत नाही. करशील?"

"करीन," ममता इतक्या चटकन म्हणाली की श्रेयस दचकला.

एप्रिलच्या उन्हात ती कळंबच्या दुकानात गेली. सदाशिवराव जाडजूड झाले होते, केस काळे केले होते. कूलरसमोर बसवून त्यांनी तिला ताक दिलं. "गाव कोणतं पोरी?"

"उमरझरी."

"आपलंच गाव. लई माल जाते आपला तिकडं."

ती त्यांच्या डोळ्यांत शोधत होती. उमरझरी म्हटल्यावर काही हलतं का? काही हलत नव्हतं.

"नाव काय ठेवायचं ठरवलंय?"

"श्वेतक्रांती, शुभ्रमोती, असं काहीतरी. आणि फोटो एखाद्या शेतकऱ्याचा टाकून देऊ. मॉडेल भेटते नागपूरले."

"काका, एक सांगू?" ममता पुढे सरकली. आवाज तिनं मऊ केला, लहान केला. "लोक आता त्या फोटोंवर विश्वास ठेवत नाहीत. कोण कुठला माणूस, त्यानं पेरलं की नाही, कोणाले ठाऊक? पण तुम्हाला अख्खा तालुका ओळखतो. पाकिटावर तुमचाच फोटो टाका. नावही तुमचंच. सदाशिव गोल्ड."

सदाशिवरावांनी ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं.

"आणि खाली तुमच्या सहीनं एक ओळ : या बियाण्याला मी स्वतः जबाबदार. तुमचा मोबाइल नंबर. असं आजवर कुणी केलेलं नाही. मोठमोठ्या कंपन्यांची हिंमत नाही."

"पाहा, याले म्हणते डोकं!" सदाशिवरावांनी श्रेयसकडे पाहून मांडीवर थाप मारली. "तू तीन वर्षं काय शिकून राह्यला बे?"

फोटो तिनंच काढला. त्यांना फेटा बांधायला लावला, दुकानामागच्या चिंचेखाली उभं केलं, हातात बोंड दिलं. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"काका," ती म्हणाली, "जरा हसा."

सदाशिवराव हसले. चांगलं हसले. माणूस विश्वास टाकील असं.

हात धुवायला म्हणून ती गोदामामागच्या हौदाकडे गेली, तेव्हा गोदामाचं दार अर्धं उघडं होतं. आत बाया ओळीनं बसल्या होत्या. समोर घमेल्यांमध्ये सरकी होती, जिनिंगमधून आणलेली, तेजाबानं लव काढलेली. पोत्यावर जिनिंगचा शिक्का स्पष्ट दिसत होता. बाया त्या सरकीला गुलाबी रंग चोळत होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी झाले होते. कोपऱ्यात कोऱ्या पिशव्यांचा ढीग पडला होता.

ममता कापसाच्या गावातली. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. गिरणीत तेलासाठी जाणारी सरकी रंगवून बियाणं म्हणून विकली जाणार होती. त्यातली निम्मी उगवणार नव्हती, आणि उगवेल ती अळीपुढे टिकणार नव्हती.

ती हौदाशी उभी राहिली. यवतमाळला जाऊन कुणा अधिकाऱ्याला सांगायला एक दुपार पुरली असती. गोदामावर धाड पडली असती, वर्तमानपत्रात कोपऱ्यात बातमी आली असती, सदाशिवराव दंड भरून सुटले असते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गल्ल्यावर बसले असते. कुणी त्यांच्या तोंडावर थुंकलं नसतं. तिनं हात धुतले, ओढणीला पुसले, आणि बाहेर येऊन सदाशिवरावांना म्हणाली, "पाकीट पुढच्या आठवड्यात देते काका. फ्लेक्सचंही मीच करून देऊ का?"

पाकीट तिनं जीव ओतून केलं. निळं आभाळ टाकलंच नाही. मागं काळी माती ठेवली, भेगा नसलेली, ओली. त्यावर सदाशिवरावांचा चेहरा, डोळे थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. अक्षरं अशी की कमी शिकलेल्यालाही लांबून वाचता यावीत. जबाबदारीच्या ओळीखाली सही. अनघा मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे," त्या म्हणाल्या. "आता यात राग कुठंच दिसत नाही."

"आहे मॅडम," ममता म्हणाली.

मॅडमना वाटलं ती नम्रपणानं काहीतरी बोलली. त्यांनी तिला पूर्ण गुण दिले.

सदाशिव गोल्ड हातोहात खपलं. कळंब, राळेगाव, बाभुळगाव, जिथं जावं तिथं फ्लेक्सवर फेटेवाले सदाशिवराव हसत होते. बसमधून जाताना ममता प्रत्येक फ्लेक्सकडे पाहायची आणि मनात म्हणायची, हस. अजून हस. वसतिगृहात पोरी पावसाची वाट पाहायच्या ती गारव्यासाठी. ममता पेरण्या होण्याची वाट पाहत होती.

जुलैत वावरांमध्ये टकलं दिसू लागली. ओळीत चार रोपं, मग हातभर रिकामी जागा, मग एक रोप. लोकांनी फोन लावले. सदाशिवराव आधी म्हणाले पाऊस कमी पडला, मग म्हणाले खोल पेरलं, मग फोन बंद करून ठेवू लागले. पोळ्यानंतर उरल्यासुरल्या पऱ्हाटीला बोंडं लागली, आणि फोडून पाहिलं तर आत गुलाबी अळी. त्या वर्षी अळी सगळीकडेच होती. पण बाकीच्यांना शिव्या द्यायला कुणाचं तोंड नव्हतं, सदाशिव गोल्डवाल्यांना होतं.

ममता मुद्दाम कळंबला गेली. तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि त्यावर लोकांनी रिकामी पाकिटं चिकटवली होती, वरपासून खालपर्यंत, सदाशिवरावांची शंभर तोंडं. बसस्टँडवरच्या फ्लेक्सवर चेहऱ्याच्या जागी शेण होतं. एक म्हातारी थांबली, नीट वाचल्यासारखं पाहिलं आणि थुंकली. पानाची नव्हे, साधी थुंकी. सदाशिवराव शटरखालून वाकून बाहेर आले तेव्हा कुणीतरी ओरडलं, "या! जबाबदार आले!" आणि सगळा चौक हसला. चहाच्या टपरीवर त्यांना पाहून लोकांनी पसरून बसून बाकड्यावरची जागा अडवली. ते उभे राहिले, मग चहा न पिताच वळले.

ममतानं त्याच टपरीवर चहा घेतला. इतका गोड चहा तिनं कधी प्यायला नव्हता. ती तशीच पुढच्या बसनं उमरझरीला निघाली. मायला सांगायचं होतं. माय, तुह्या तोंडाचा हिशोब झाला, असं सांगायचं होतं.

घरी इंदूबाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ममतानं सगळं सांगितलं, शटर, शेण, म्हातारी. इंदूबाईनं मान वर केली नाही.

"काय झालं माय? आयकून राह्यली ना?"

"धनीबाई आलती सकाळी," इंदूबाई म्हणाली. धनीबाई शेजारच्या तांड्यावरची. उमरझरीनं वाळीत टाकल्यासारखं केलं तेव्हा तिनंच इंदूबाईला आपल्या वावरात वेचणीला बोलावलं होतं. "लई बोलली. दारात उभी राहून बोलली. सगळे आयकत व्हते."

"तिनं काहून बोलावं?"

"तिनं सदाशिव गोल्ड पेरलं. तिच्या बहिणीनं पेरलं. तांड्यावरच्या आणखी बायानं पेरलं." इंदूबाईनं फुंकणी खाली ठेवली. "मीच सांगतलं त्याहिले. तू मले पाकीट दाखवलं व्हतं ना मे महिन्यात? मी म्हटलं, हे माह्या पोरीनं केलं हाय. शिकेल पोरगी हाय, लबाड मालाले हात लावणार नाई. घ्या म्हटलं बिनघोर."

ममता दाराच्या चौकटीला टेकली. मे महिन्यात तिनं पाकीट दाखवलं होतं, खरंच. माय ते उलटसुलट करून पाहत होती आणि हसली होती, कित्येक वर्षांनी, पदर न धरता. ममताला वाटलं होतं, पोरीचं काम पाहून हसली. तेच हसू घेऊन ती मग गावभर फिरली असेल, तांड्यावर गेली असेल, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"तुले माहीत व्हतं?" इंदूबाईनं विचारलं.

खोटं बोलायला एवढासा वेळ होता. तो तिनं जाऊ दिला.

"गोदामात पाह्यलं व्हतं मी. सरकी रंगवून राह्यले व्हते."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुह्यासाठी, माय! त्यानं तुह्यं काय केलं ते मी पाह्यलं. तुले वावरात साडी सोडायले लावली. त्याले तसंच चौकात उभं करायचं व्हतं मले. तुह्या बदल्यात."

इंदूबाई उठली. तिचा आवाज चढला नाही.

"माह्या नावानं केलं, त मले इचारलं काहून नाई? त्यानंबी इचारलं नव्हतं."

त्या रात्री दोघी जेवल्या नाहीत. सकाळी ममता उठली तेव्हा माय तांड्यावर निघून गेली होती.

तक्रारी तालुक्याला गेल्या होत्या, पण सगळ्यांना एकच उत्तर मिळत होतं : या वर्षी अळी सगळ्यांकडेच आहे, बियाण्याचा दोष कशावरून? ममतानं श्रेयसला फोन केला. तो स्वतःहून म्हणाला, "मला घरी कुणी काही सांगत नाही. तुला काही माहीत आहे का?" तिनं गोदामातलं सांगितलं. आपण पाहूनही गप्प राहिलो ते सांगितलं, आणि का तेही. श्रेयसनं फोन ठेवला. तो पुन्हा तिच्याशी कधी बोलला नाही, वर्गात समोरासमोर आला तरी.

तालुक्याला चौकशी लागली त्या दिवशी तांड्यावरच्या बाया आल्या होत्या, इंदूबाई त्यांच्यासोबत. सदाशिवराव वकील घेऊन आले होते. पाकिटावरच्या सहीमुळे त्यांना कंपनीकडे बोट दाखवता येत नव्हतं, पण माल चांगला होता, अळीनं घात केला, हे ते शांतपणे सांगत होते. ममता उभी राहिली आणि बोलली. कोणत्या महिन्यात पाहिलं, पोत्यावर कोणत्या जिनिंगचा शिक्का होता, रंग कोणता होता. बोलताना तिला बायांकडे बघायचं नव्हतं, पण नजर गेली. धनीबाई तिच्याकडे पाहत होती. पोरीला एप्रिलमध्येच माहीत होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

"ही पोरगी खोटं बोलून राह्यली!" सदाशिवराव उसळले. "मीच हिले काम देल्लं. माह्या पोराच्या वर्गातली. हिचं माह्याशी काय वैर?"

"ही माझी माय," ममता म्हणाली. "इंदूबाई. शुभ्रांगीच्या फ्लेक्सवरची."

सदाशिवरावांनी इंदूबाईकडे पाहिलं. खालपासून वर, नीट पाहिलं. त्यांना आठवत नव्हतं. ते नाटक करत नव्हते. ममता त्यांच्या चेहऱ्याची रेघन्‌रेघ ओळखत होती, तिनंच तो महिनाभर घासून पुसून पाकिटावर बसवला होता. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं.

"अशे त लई फोटो काढले आमी," ते म्हणाले. "कोणती शुभ्रांगी?"

ममतानं इतकी वर्षं ज्या माणसाच्या नाशाची वाट पाहिली, त्याला तो नाश कशापायी झाला हेही ठाऊक नव्हतं, आणि आता सांगूनही त्याच्या आत काही उतरणार नव्हतं. तिला त्या टेबलावरून झेपावून त्याचा गळा धरावासा वाटला. तिनं धरला नाही. खाली बसली.

गोदामाची झडती झाली. रंगाचे डबे आणि जिनिंगची पोती तशीच सापडली. माणूस इतका निर्धास्त होता. परवाना रद्द झाला, दुकानाला सील लागलं, बायांची नुकसानभरपाई त्याच्या माथी बसली. पुढे खटला चालला. सदाशिवरावांनी घर बंद केलं आणि ते नागपूरला निघून गेले. बसस्टँडवरचं फ्लेक्स कुणी उतरवलं नाही. ते उन्हानं विटत गेलं, वाऱ्यानं फाटलं. ममता येताजाता त्याच्याकडे पाहायची. तिला अजूनही बरं वाटायचं. ते तिनं स्वतःपासून कधी लपवलं नाही.

पण माय तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

डिसेंबरातल्या एका रविवारी ममता न सांगता तांड्यावर गेली. धनीबाईच्या वावरात बाया उभी पऱ्हाटी उपटत होत्या. वेचण्यासारखं काही नव्हतंच. हरभऱ्यासाठी वावर मोकळं करायचं होतं. ममताला पाहून बोलणं थांबलं. धनीबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय पायजे?"

"तुमच्यासंगं उपटू लागते."

"आमचं वावर पडेल हाय ते पाह्यले आली का? तुले त आधीच माहीत व्हतं."

"हो," ममता म्हणाली. "माहीत व्हतं."

धनीबाईला बहुधा वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल. ममतानं दोन्ही केलं नाही. धनीबाई एक शिवी देऊन वळली आणि पुढच्या झाडाला हात घातला. कुणी जा म्हणालं नाही, ये म्हणालं नाही.

इंदूबाई वावराच्या टोकाला होती. तिनं उपटलेली पऱ्हाटी ढिगावर टाकली, हाताला लागलेली माती लुगड्याला पुसली आणि मान न वळवता म्हणाली, "हे तास घे."

ममतानं ओढणी कमरेला खोचली आणि मायच्या शेजारचं तास धरलं. पहिलंच झाड मुळाशी घट्ट होतं. ते निघायला वेळ लागला.